बेलकुडची उसंत

अश्विनी इंगवलेने नदीची ओटी भरली आणि नदी उतरली. बेलकुडमध्ये ही गोष्ट यापुढे अशीच सांगितली जाईल, आणि तिच्यातला शब्द न् शब्द खरा आहे. फक्त या दोन्हींचा एकमेकींशी काहीही संबंध नव्हता.

सकाळ होती, पाऊस भुरभुरत होता. पाणी खालच्या आळीच्या तोंडाशी, दूध डेअरीच्या वरच्या पायरीला लागलं होतं. आळीतल्या बायका घोटाभर पाण्यात दाटीने उभ्या होत्या. अश्विनीने सुपातला खण, नारळ, तांदूळ, हळकुंडं पाण्यात सोडली, हळदीकुंकू वाहिलं आणि वाकून नमस्कार केला.

"आई, पोरंबाळं हाईत. आता मागं फिर," शेजारची विजूकाकी मोठ्याने म्हणाली.

नारळ डेअरीच्या भिंतीवर आपटला, गरकन फिरला आणि गढूळ धारेबरोबर निघून गेला. बायका तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिल्या. तेवढ्यात कुणीतरी खाली बोट दाखवलं. पायरीची ओली कड उघडी पडली होती. बघता बघता खालची दुसरी पायरीही चिखलाने माखलेली वर आली.

"उतरलं! बाई गं, उतरलं!"

विजूकाकीने अश्विनीच्या पायाला हात लावला. अश्विनी दचकून मागे सरली. "काकी, कालच सांगितलं होतं ना? ही उसंत हाय. धरणातनं दिलेली."

"व्हय व्हय, धरणातनंच," विजूकाकी हसत म्हणाली. "धरण काय तुझी ओटी व्हायची वाट बघत थांबलं हुतं व्हय?"

सगळ्याच हसल्या. किती दिवसांनी आळीत कुणी हसलं होतं.

अश्विनी ही गावाची पूरसखी होती. पुराचा मोठा धोका असलेल्या प्रत्येक गावात आता अशी एक बाई नेमलेली असते. तिच्याकडे उपग्रहावर चालणारा बोलण्याचा संच असतो, कारण टॉवर बुडाले की सगळ्यांत आधी मोबाइल मरतात. संचाच्या दुसऱ्या टोकाला खोरे नियंत्रण कक्ष आणि तिथे बसणारे इम्रान जमादार. चार पावसाळे झाले, अश्विनीने त्यांना एकदाही पाहिलं नव्हतं. पण ते बिनसाखरेचा चहा पितात आणि त्याबद्दल रोज कुरकुरतात, हे तिला ठाऊक होतं.

जमादारांच्या समोर प्रतिनदी होती, म्हणजे यंत्रात वाहणारी दुसरी नदी. खऱ्या नदीवर, तिला मिळणाऱ्या ओढ्यांवर, घाटातल्या पावसावर हजारो संवेदक बसवलेले होते. त्यांची मोजमापं क्षणाक्षणाला यंत्रात जात आणि खरं पाणी संध्याकाळी ज्या वळणाला पोहोचायचं, तिथे यंत्रातलं पाणी सकाळीच पोहोचलेलं असे. एवढं जुन्या यंत्रांनाही थोडंफार जमत होतं. प्रतिनदीने त्यापुढची एक गोष्ट शोधली. पूर सलग भिंतीसारखा येत नाही, लाटांनी येतो. वरच्या चार धरणांचं पाणी एखाद्या गावाला वेगवेगळ्या वेळी पोहोचतं. चारही धरणांचे दरवाजे नेमक्या हिशेबाने थोडा वेळ आवळले, तर चार लाटांमागचे चार खळगे एकाच गावापाशी एकाच वेळी आणता येतात. भर पुरात तेवढ्या गावापुरतं पाणी दोन-तीन फूट उतरतं आणि दोनेक तास तसंच राहतं. गावाच्या वरच्या अंगाला साठवण तळं असतं. नदीचं काही पाणी त्यात वळवलं की खळगा आणखी खोल होतो. बुडालेला रस्ता उघडा पडतो, ट्रक आत येतात, माणसं बाहेर पडतात. याला उसंत म्हणतात.

उसंतीची किंमत असते. अडवलेलं पाणी धरणातच साठलेलं असतं आणि वर पाऊस चालूच असतो. त्यामुळे उसंत संपली की पाणी आधीपेक्षा चढं येतं. म्हणून एका पुरात एका गावाला ती एकदाच.

हे सगळं अश्विनीने आठवडाभर घरोघर जाऊन सांगितलं होतं. बायकांनी ऐकून घेतलं होतं, चहा पाजला होता. निघायच्या दिवशी मात्र त्या अडून बसल्या. नदी दारात आलेली असताना तिची ओटी न भरता घर सोडायचं कसं? बेलकुडात पहिल्या ओटीचा मान इंगवल्यांचा. सासरे गेल्यापासून तो सासूकडून, म्हणजे आक्काताईकडून, सुनेकडे आला होता. अश्विनीने मग सौदा केला. मी ओटी भरते, ती झाली की सगळ्यांनी ट्रकात बसायचं. उसंत त्यानंतर तासाभराने यायची होती. ती लवकर आली. जमादारांचा तसा निरोप संचावर आला तेव्हा अश्विनीच्या दोन्ही हातांत सूप होतं.

वरच्या रस्त्याला शाळेपाशी ट्रक उभे होते. त्यात आधीच जाऊन बसलेली म्हातारी माणसंही आता उतरू लागली. कुणी दाराला लावलेली वाळूची पोती काढली, कुणी माळ्यावरचे डबे खाली घेतले. विजूकाकीने चूल पेटवून भात टाकला. दोन दिवस पोरांच्या पोटात गरम काही गेलं नव्हतं.

अश्विनीचा नवरा धैर्यशील खांद्यावर दोर आणि हातात विळा घेऊन अंगणात आला.

"पाणंद उघडी पडलीया," तो म्हणाला. "मळ्यातनं म्हशी घेऊन येतो."

इंगवल्यांचा मळा गावाच्या पश्चिमेला, ओढ्यापलीकडे होता. तिकडे जायला ती एकच सखल वाट. म्हशी कालपासून गोठ्यात अडकलेल्या.

"नका जाऊ. पाणी परत येणाराय."

"हे पूरसखी सांगती का बायकू?"

"दोघी."

"मग दोघींचं ऐकतो आणि तासाभरात येतो." तो हसला. "आणि पाणी आलंच तर तू हाईस की. गाव म्हणतंय, नदी माझ्या बायकूच्या शब्दाभाईर न्हाई. मी एकटाच तेवढा ऐकत न्हाई तुझं."

तिने मनात हिशेब केला. उसंत संपायच्या आत तो नक्की परत येत होता. म्हणून तिने सोडलं.

तो वळणाआड गेला न् गेला, तोच संच वाजला.

"ताई, किती माणसं बाहेर पडली?" जमादारांनी विचारलं.

"बसलेलीसुद्धा उतरली, साहेब."

"काय सांगता? ऐका. घाटात ढगफुटी झालीय. तिसरं धरण काठोकाठ आलंय, दरवाजे आता धरून ठेवता येणार नाहीत. उसंतीनंतर येणारं पाणी मघाशी दाखवत होतं त्यापेक्षा खूप वर आहे. तुमच्या खालच्या आळीत छपरं दिसणार नाहीत."

"किती वेळ आहे?"

"तासाभरात ट्रक निघाले नाहीत, तर शाळेजवळची रस्त्यावरची मोरी बुडेल. मग ते निघणारच नाहीत. आणि बोटी सगळ्या खालच्या गावांत आहेत. तुमच्याकडे पाठवायला एकही नाही."

अश्विनी घरोघर पळाली. भोंगा वाजवला, ध्वनिवर्धकावर ओरडली, एकेकाच्या हाताला धरून ओढलं. कुणी तिला झिडकारलं नाही. झिडकारलं असतं तर भांडता आलं असतं. सगळे तिच्याकडे मायेने बघत होते. "दमलीस गं, किती करतीस आमच्यासाठी," एकीने तिच्या तोंडावरचा पाऊस पदराने पुसला. विजूकाकीने ताट वाढून पुढे केलं. "बस. दोन घास खा. आता काय होत न्हाई."

"काकी, तुमच्या पाया पडते, चला. अडीचशे माणसं हाईत आळीत. सगळी मरतील."

"असं अभद्र बोलू नगं. तुझ्याच हातनं घेतलीया तिनं ओटी. घेऊन फसवंल व्हय ती?"

अश्विनी घरी आली. पुढच्या सोप्यात विजूकाकीची तीन नातवंडं खेळत होती. ती थेट मागच्या परसात गेली आणि संच तोंडाशी धरला.

"साहेब, उसंत मोडता येते का?"

"म्हणजे?"

"पाणी आत्ता चढवता येतं का? थोडंसं. डोळ्यांना दिसेल एवढं."

जमादार आकडे पुटपुटले. "साठवण तळ्याचे दरवाजे नदीकडे उघडले, तर थोड्याच वेळात दोन फूट पाणी तुमच्याकडे येईल. पण मिळालेली उसंत मोडायची कशाला?"

"पाणी चढताना दिसल्याशिवाय ही माणसं हलत नाहीत. ट्रकची वाट राहील ना?"

"मोरी उंच आहे, तिला तेवढ्याने काही होत नाही. आधी बुडेल ती पश्चिमेची पाणंद. पूरसखीने मागितलं तर मला उघडता येतं. पण त्याआधी एक विचारावं लागतं. पाणंदीवर किंवा पलीकडे कोणी आहे का?"

परसातून पाणंद दिसत नव्हती. दिसत होती ती तिच्या कडेची बाभळीची रांग, पावसात पुसट झालेली. धैर्यशील आता मळ्यात पोहोचला असेल. म्हशी बिथरलेल्या असतील, त्या चिखलातून हळू चालतील. आहे म्हटलं तर जमादार दरवाजे उघडणार नाहीत. तो परत येईपर्यंत थांबलं, तर मोरी जाईल. माणूस धाडावा तर धाडलेलाही त्याच वाटेवर. तिने पुन्हा पुन्हा हिशेब घातला. दर वेळी तो तिथेच येऊन अडला.

"ताई?"

"कोणी नाही," अश्विनी म्हणाली.

"नक्की?"

"कोणी नाही. उघडा."

संच खाली घेऊन ती वळली. आक्काताई मागच्या सोप्यात गोधडीची घडी घालत उभी होती. घडी अर्धीच झाली होती.

"धैर्या आला का गं?" सासूने विचारलं.

"येतील आता, आत्ती."

आक्काताईने गोधडी तिथेच ठेवली आणि ती बाहेर गेली.

पाणी आलं ते आवाज न करता आलं. डेअरीची खालची पायरी गेली, मग वरची. अंगणात रचलेल्या जळणाखालून ते सरकलं. ज्यांनी पाहिलं ते जागीच उभे राहिले. पहिली किंकाळी फोडली आक्काताईने.

"फिरली! नदी फिरली! पळा!"

एरवी कधी आवाज न चढवणारी बाई. ती विजूकाकीच्या घरात शिरली, चुलीवरचं भाताचं पातेलं तिने लाथेने उलथलं, जेवायला आलेल्या एका नातवंडाला काखेत मारलं आणि गल्लीभर दारं बडवत सुटली. "इंगवल्यांची म्हातारी सांगती, ओटी परत टाकली नदीनं! वर चला!" भोंग्याला जे जमलं नव्हतं ते त्या आवाजाने केलं. माणसं भांडीकुंडी टाकून धावली. म्हाताऱ्यांना पाठुंगळीला घेतलं, पोरं ट्रकात वरच्या वर फेकली.

शेवटच्या ट्रकपाशी अश्विनी पश्चिमेकडे तोंड करून उभी होती. तोवर वरचं पाणीही चढू लागलं होतं. बाभळींची खोडं बुडाली होती, नुसते शेंडे हलत होते. त्यांच्यामधून कुणी येत नव्हतं. चालक ओरडत होता. अखेर आक्काताईने तिच्या दंडाला धरून तिला वर ओढलं. ट्रक मोरीवर आला तेव्हा चाकं पाणी उडवत होती.

दुपारनंतर खरं पाणी आलं. जमादारांनी सांगितलं होतं तसंच. खालच्या आळीत छपरं दिसेनात.

गाव तालुक्याच्या बाजार समितीच्या गोदामात उतरलं. आळीतली सगळी माणसं होती, एक सोडून. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या गावातून निरोप आला. इंगवल्यांच्या तीन म्हशी पोहत काठाला लागल्या होत्या. गळ्यात दाव्यांचे तुकडे होते, विळ्याने तिरके कापलेले. म्हणजे धैर्यशील गोठ्यापर्यंत पोहोचला होता आणि पाणी आलं तेव्हा त्याने आधी जनावरं मोकळी केली होती. चौथ्या म्हशीचा आणि त्याचा पत्ता नव्हता.

गोदामात बायका घोळक्याने बसल्या होत्या. नदीने घेतलेली ओटी परत का टाकली, यावर बोलणं चाललं होतं. हळूहळू बोलण्याला दिशा आली. दोन वर्षांपूर्वी नवरा गेलेल्या नूतनने ओटीचं सूप इंगवल्यांच्या घरापासून डेअरीपर्यंत आणलं होतं.

"मी तवाच म्हणणार हुते," विजूकाकी म्हणाली. "नवरा न्हाई त्या बाईनं सुपाला हात लावायचा असतोय व्हय? तिच्यापायी इंगवल्यांचा पोरगा गेला."

नूतन पोत्यांच्या थप्पीकडे तोंड करून बसली होती. तिची पाठ हलत होती.

अश्विनी उठून उभी राहिली. "नूतनचा काही दोष न्हाई. नदी उतरली ती धरणामुळं आणि चढली ती माझ्यामुळं. तुम्ही हलंना म्हणून मी पाणी मागून घेतलं."

मग विजूकाकी हळूच म्हणाली, "नवरा पलीकडं असताना?"

"व्हय. मला माहीत होतं ते पलीकडं हाईत."

कुणी विश्वास ठेवला नाही. तो न ठेवण्यात दया होती. असं कुठल्या बाईच्या हातून होईल, हे त्यांच्या डोक्यात बसेना. एकीने पाण्याचा तांब्या आणला, दुसरी तिची पाठ चोळू लागली.

"डोस्क्यावर परिणाम झालाय तिच्या," आक्काताई कोपऱ्यातून म्हणाली. "नवऱ्याचा पत्त्या न्हाई. कायबी बोलती. आणि नूतनला कुणी शबुद बोलायचा न्हाई. सूप म्या दिलं हुतं तिच्या हातात. बोलायचं तर मला बोला." ती उठली, सुनेच्या मनगटाला धरून तिला बाहेर पत्र्याच्या शेडखाली घेऊन आली.

पत्र्यावर पावसाचा ताशा वाजत होता. दोघी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"आत्ती, मी खरं बोलत होते."

"ठाव हाय. कोणी न्हाई म्हणालीस. सोप्यात उभं राहून ऐकलं म्या."

"मग मला अडवलं का न्हाई? संच हिसकावून घ्यायचा. ओरडायचं."

आक्काताईने पदराचं ओलं टोक पिळलं. "विजीची पोरं सोप्यात खेळत हुती," ती म्हणाली. आणि पदर झटकून, "भाईर जाऊन बोंब म्याच मारली की. तू एकटीच्या अंगावर घिऊ नगं."

रडायला दोघींपैकी कुणालाच जमलं नाही. मग आक्काताईनेच संचाकडे हनुवटी उचलली.

"त्या सायबाला समदं कळतंय न्हवं, पाणी कुठनं कुठं जातंय ते? मग इचार त्याला, माझा ल्योक कुठं नेला म्हणून."

अश्विनीने संच सुरू केला. "साहेब, मी काल खोटं बोलले. पाणंदीपलीकडं माझे मिस्टर होते. मळ्यात."

पलीकडे चहाचा कप आदळल्याचा आवाज आला.

"मी उघडले दरवाजे," जमादार म्हणाले. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. "माझ्या हाताने उघडले, ताई."

"मी सांगितलं म्हणून उघडले. आता त्यांना शोधा."

ते खाकरले. कामाचा आवाज परत आणायला त्यांना जरा वेळ लागला. "गोठा कुठे ते यंत्रात आहे. पाणी तिथे कधी पोहोचलं तेही आहे. प्रतिनदीत त्या जागी, त्या वेळी माणूस सोडून बघता येतं, की तो कुठे पोहोचेल. बोट मात्र एकच मोकळी झालीय. ती एकाच जागी पाठवता येईल." कळा दाबल्याचे आवाज आले. मग थांबले. "ताई, इथे एक भरावं लागतं."

"काय?"

"माणूस हातपाय मारतोय असं धरायचं, की नुसता वाहतोय असं. पोहणारा धारेतून कडेला सरकत जातो. तो उजव्या काठाच्या उसाच्या फडांत, झाडांच्या शेंड्यांपाशी कुठेतरी निघेल. वाहणारा मधल्या धारेत राहतो, तो थेट खालच्या बंधाऱ्याला लागतो. दोन्ही जागा एकमेकींपासून फार लांब आहेत. संध्याकाळच्या आत दोन्हीकडे जाणं होणार नाही. रात्र उलटली की आम्ही वाहतोय असंच धरतो. निदान घरच्यांच्या हाती काही लागतं. आज बंधाऱ्याला बोट नाही गेली, तर उद्या पाणी त्याला पुढे घेऊन जाईल. मग काहीच मिळणार नाही. म्हणून तुम्हाला विचारतोय."

अश्विनीने सासूकडे पाहिलं. आक्काताईने सगळं ऐकलं होतं. तिने सुनेचं मनगट पुन्हा धरलं. घट्ट धरलं.

"पोहतायत," अश्विनी म्हणाली.

"ताई, नीट विचार करून—"

"पोहतायत, साहेब. काल दुपारपासनं पोहतायत. दमलेत. लवकर बोट पाठवा."

पलीकडे जमादारांनी कळ दाबली, आणि यंत्रातल्या नदीत, इंगवल्यांच्या गोठ्यापासून, एक माणूस काठाच्या दिशेने हातपाय मारू लागला.